तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकोतलं कुणाचं वाचू?

गेली अठरा वर्षं मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दर वर्षी, विद्यार्थी पहिल्या दोन पातळ्या पार करून थोडंफार वाचायला लागले, की वर्ग सुटल्यावर कुणीतरी टेबलाशी रेंगाळतं आणि विचारतं, "मॅडम, मेक्सिकोतल्या एकाच लेखकाचं वाचायचं असेल, तर कुणाचं वाचू?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ओक्ताव्हियो पाझ असतात. १९६२ ते १९६८ ते दिल्लीत राजदूत होते, भारतावर त्यांनी लिहिलं, त्यामुळे आपल्याकडे ते नाव कानावरून गेलेलं असतं. कुणाच्या मनात हुआन रुल्फो असतात. दोघांनाही मी मानते, दोघांनाही शिकवते. पण बरीच वर्षं माझं उत्तर एकच आहे: यास्नाया एलेना आगिलार हिल.

वहीत नाव लिहून घेतलं जातं. मग विचारतात, कादंबऱ्या लिहिते का? नाही. कविता? नाही. ती भाषाशास्त्रज्ञ आहे, निबंध लिहिते. इथे समोरचा चेहरा किंचित पडतो. वर्ग सुटल्यानंतरच्या पाच मिनिटांत तो पडलेला चेहरा मला कधी सावरता आलेला नाही, म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे.

सुरुवात एका शब्दापासून करते, कारण माझीही तिथूनच झाली.

स्पॅनिशमध्ये 'नोसोत्रोस' म्हणजे 'आम्ही'. की 'आपण'? पहिल्याच आठवड्यात सर्वनामांचा तक्ता फळ्यावर लिहिला, की मराठी मुलं हा प्रश्न विचारतातच. हिंदी घरातल्या मुलांना तो पडत नाही, त्यांचं 'हम'मध्ये भागतं. गुजराती मुलांना पडतो, त्यांच्याकडे 'अमे' आणि 'आपणे' आहे. "आम्ही सिनेमाला चाललोय" म्हटलं की ऐकणारा घरी राहिला, "आपण सिनेमाला चाललोय" म्हटलं की त्यानेही चपला घालायच्या. एवढा मोठा फरक आपण एका शब्दात करतो आणि दिवसभरात शंभर वेळा करतो, म्हणून तो लक्षातही येत नाही. स्पॅनिशमध्ये तो नाही. मी मुलांना सांगत असे, संदर्भाने समजून घ्या, आणि पुढे जात असे.

मग एक दिवस यास्नायाचा एक निबंध हाती आला. २०१७ साली मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या मासिकात आलेला. त्याच्या शीर्षकातच दोन शब्द होते, तिच्या भाषेतले: 'अत्स' आणि 'अतोम'. (पहिल्यातला 'अ' लांबवायचा, आणि तो आपल्या 'अ'सारखा नेमका नाही, देवनागरीत तो स्वर धरता येत नाही.) पहिल्याचा अर्थ आम्ही, तुला सोडून. दुसऱ्याचा अर्थ आपण, तुझ्यासकट. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, हे मला अजून आठवतं. पृथ्वीच्या त्या टोकाला, ओआहाकाच्या डोंगरांत, एका भाषेत माझं 'आम्ही' आणि 'आपण' होतं. आणि ती बाई तेवढ्या एका फरकावर उभं राहून विचारत होती, की 'आपण मेक्सिकन' असं जेव्हा देश म्हणतो, तेव्हा त्या 'आपण'मध्ये मी नक्की कधी आले, आणि मला कुणी विचारलं होतं का?

आता ती कोण, ते सांगते.

१९८१ साली सान पेद्रो ई सान पाब्लो आयुतला या गावी तिचा जन्म झाला. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातली ही उत्तरेकडची डोंगररांग. ढग गावात शिरतात इतकी उंच. इथल्या लोकांना बाहेरचे 'मिहे' म्हणतात. ते स्वतः आपल्या भाषेला 'अयूक' म्हणतात. या लोकांच्या दोन गोष्टी मेक्सिकोभर प्रसिद्ध आहेत. एक, आम्हाला कधीच कुणी जिंकलं नाही, हे ते अभिमानाने सांगतात. दुसरी, त्यांचे बँड. गावागावांत फुंकवाद्यांची पथकं आहेत, आणि लहान पोरंसुद्धा स्वरलिपी वाचतात. भाषेचं म्हणाल तर ती मिहे-सोके कुळातली. त्या कुळाचं स्पॅनिशशी काडीचंही नातं नाही, मायाशी नाही, आस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेशी नाही. मेक्सिकोच्या आखाताकाठी ज्यांनी दगडाची ती प्रचंड डोकी कोरली, ते ओल्मेक लोक याच कुळातली भाषा बोलत असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. १९७६ साली कॅम्पबेल आणि कॉफमन या दोघांनी ते मांडलं. 'काकाओ' हा शब्दही याच कुळातून इतर भाषांत गेला असं ते म्हणतात. तसं असेल तर सकाळी कपात कोको घेणारं जगातलं प्रत्येक माणूस एक मिहे-सोके शब्द उच्चारतं. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी मला ते म्हणताना आनंद होतो.

आयुतलाहून यास्नाया मेक्सिको शहरात गेली. तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात, म्हणजे उनाममध्ये, तिने स्पॅनिश भाषा आणि साहित्य शिकलं, मग भाषाशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. आपण 'इंदीहेना', म्हणजे मूलनिवासी, आहोत हे आपल्याला शहरात आल्यावर कळलं, असं तिने लिहिलं आहे. गावात ती मिहे होती. शेजारी सापोतेक होते, त्यांची भाषा वेगळी, बाजार वेगळा, त्यांच्याशी भांडणंही होती. 'इंदीहेना' या नावाचं तिथे कुणी नव्हतं. त्या शब्दाला मिहेत प्रतिशब्दच नाही. मिहेमध्ये जगाची विभागणी वेगळी आहे: मिहे, आणि 'अकात्स', म्हणजे जे मिहे नाहीत ते. त्या हिशेबाने शेजारचा सापोतेकही अकात्स, मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्षही अकात्स, आणि तुम्ही-मीसुद्धा अकात्स.

यातून तिने जो विचार बांधला, तो मला तिच्या सगळ्या लिखाणाचा कणा वाटतो. मेक्सिकोत सरकारी नोंदीप्रमाणे ६८ मूळ भाषा आहेत, त्यांची ११ कुळं, आणि गावोगावच्या मिळून ३६४ रूपं. या सगळ्यांना मिळून 'मूलनिवासी भाषा' म्हणतात. ती विचारते, या भाषांमध्ये सारखं काय आहे? व्याकरणात तर काहीच नाही. एकीत सुरांवर अर्थ बदलतो, दुसरीत नाही. एकीत क्रियापद आधी येतं, दुसरीत शेवटी. सारखं एकच आहे, की त्यांतल्या कुठल्याही भाषेच्या मागे स्वतःचं राज्ययंत्र नाही. म्हणजे 'मूलनिवासी' हा भाषेचा गुण नव्हेच, तो सत्तेने आखलेला चौकोन आहे. जपानचे ऐनू, उत्तर युरोपातले सामी आणि मेक्सिकोतले मिहे एकाच चौकोनात बसतात, ते त्यांच्यात काही साम्य आहे म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणीतरी देश उभारला आणि हे लोक त्याच्या आत सापडले, एवढंच.

याच तर्काने ती म्हणते, की 'मूलनिवासी साहित्य' असं काही नसतं. मिहे साहित्य असतं, सापोतेक असतं, मायांचं असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे टोकाचं वाटलं होतं. मग मी आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानातल्या फळीपुढे उभी राहिले. 'आदिवासी साहित्य' अशी चिठ्ठी लावलेल्या त्या एका फळीवर भिल्ली, गोंडी आणि वारली अशी सगळी नावं एकत्र ठेवलेली होती. गोंडी तर द्राविडी कुळातली, भिल्ली आर्य कुळातली. मग मात्र तिचं म्हणणं मला पटलं.

मेक्सिकोतल्या शाळेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तिचा राग कळणार नाही. १९२१ साली तिथे राष्ट्रीय शिक्षण खातं निघालं, होसे वास्कोन्सेलोस त्याचे पहिले मंत्री. खेडोपाडी शाळा निघाल्या. कामं मोठी झाली, हे कुणी नाकारत नाही. पण त्या शाळांचं एक उद्दिष्ट होतं सगळ्यांना स्पॅनिशवर आणणं, आणि त्यासाठी तिथे एक खास शब्दच आहे: कास्तेयानिसासिओन. शाळेत आपली भाषा बोललं तर मार, दंड, उन्हात उभं राहणं. आईवडिलांनी मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून घरातही स्पॅनिश सुरू केली. आणि मूळ भाषांना 'भाषा' न म्हणता 'दियालेक्तो', म्हणजे नुसती बोली, म्हणायची रीत पडली. "ते लोक दियालेक्तो बोलतात", हे वाक्य मेक्सिकोत अजून ऐकू येतं. जणू व्याकरण स्पॅनिशलाच असतं! मिहेचं व्याकरण तर आगुस्तिन दे किंताना नावाच्या एका दोमिनिकन धर्मगुरूनेच १७२९ साली छापलं होतं.

२००३ साली कायदा झाला. या सगळ्या भाषा स्पॅनिशइतक्याच राष्ट्रीय भाषा आहेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पण कागदावर राष्ट्रीय झालेल्या भाषेत दवाखान्यात दुखणं सांगता येतं का, कोर्टात बाजू मांडता येते का, हे ती पुन्हा पुन्हा विचारते.

२६ फेब्रुवारी २०१९. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष मूलनिवासी भाषांचं म्हणून जाहीर केलं होतं, आणि मेक्सिकोच्या लोकप्रतिनिधी सभागृहाने या भाषांच्या बोलणाऱ्यांना व्यासपीठावर बोलावायचं ठरवलं होतं. त्या दिवशी यास्नाया तिथे उभी राहिली आणि मिहेत बोलली. अशा वेळी पाहुण्याने काय बोलावं अशी अपेक्षा असते, ते आपल्याला मराठी दिनाच्या कार्यक्रमांवरून माहीत आहे: भाषा किती गोड, किती प्राचीन, जपली पाहिजे. ती तसं काही बोलली नाही. तिचं म्हणणं होतं, की आमच्या भाषा मरत नाहीत, त्या मारल्या जातात, आणि मारणारं मेक्सिकोचं राज्ययंत्र आहे. तिने आकडे ठेवले. स्पेनची तीनशे वर्षांची सत्ता संपत आली, त्या १८२० च्या सुमारास, देशातली सुमारे ६५ टक्के माणसं मूळ भाषा बोलत होती. आज शंभरात सहा-सात. (पुढच्याच वर्षी झालेल्या जनगणनेत हा आकडा ६.१ टक्के निघाला: ७३ लाखांच्या वर माणसं.)

हे आकडे नीट बघा. स्पॅनिश राजवटीत साथी आल्या, माणसं अतोनात मेली, देवळं पाडली गेली. तरी तीनशे वर्षांनंतर बहुसंख्य लोक आपापल्याच भाषा बोलत होते. त्या भाषा अल्पसंख्य झाल्या त्या स्वतंत्र मेक्सिकोच्या दोनशे वर्षांत. स्वातंत्र्य मिळालं आणि भाषा गेल्या. पारतंत्र्य वाईट, स्वातंत्र्य चांगलं, असं आपण शाळेपासून घोकलेलं असतं. या एका आकड्यापाशी मी कितीतरी दिवस थांबले होते. इंग्रजांनी आपल्या भाषांचं काय केलं हे मला पाठ होतं, पण त्यानंतर आपलं आपण काय केलं, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

त्याच भाषणात ती पाण्यावर बोलली. कारण त्या वेळी तिच्या गावाला नळाने पाणी येत नव्हतं. जून २०१७ मध्ये शेजारच्या गावाशी असलेला जमिनीचा वाद पेटला, हत्यारबंद लोक आले, गावाला पाणी पुरवणारा झरा आयुतलाच्या हातून गेला आणि गाव कोरडं पडलं. नंतरच्या करोनाकाळात, जग हात धुवा सांगत असताना, आयुतलाच्या नळाला पाणी नव्हतं. भाषेच्या व्यासपीठावर पाण्याचं गाऱ्हाणं कशाला, असं कुणाला वाटेल. तिच्या मते दोन्ही एकच गोष्ट आहे. भाषा हवेत राहत नाही, ती बोलणाऱ्यांच्या गावात राहते. झरा गेला की गाव उठतं, गाव उठलं की मुलं शहरात स्पॅनिश बोलत मोठी होतात. भाषा वाचवायची तर आधी माणसाला आपल्या जागी जगता यायला हवं. दुष्काळात उठलेली गावं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिच्या कामाचा पसाराही थोडक्यात सांगते. मिहे संशोधकांच्या 'कोल्मिक्स' नावाच्या गटात ती काम करते. ओआहाका शहरातल्या हुआन दे कोर्दोवा संशोधन ग्रंथालयात तिने कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळली. २०११ पासून ती 'एस्ते पाइस' मासिकात भाषांवर लिहीत आली. त्या लेखांचं पुस्तक २०२० साली ओआहाकाच्याच आल्मादिया प्रकाशनाने काढलं. गाएल गार्सिया बेर्नाल या नटासोबत हवामानाच्या संकटावर एक मालिका केली. 'तेकियो' म्हणजे गावाने मिळून, बिनपैशाने, सगळ्यांसाठी करायचं काम: रस्ता, पाट, शाळेची भिंत. आपल्याकडच्या इर्जिकीच्या जवळचं. या तेकियोच्या रीतीने तंत्रज्ञानही उभारता येईल, ही तिची आणखी एक कल्पना. त्यावर मी पुन्हा कधीतरी लिहीन, तो विषय मोठा आहे.

मला ती इतकी का लागली, हे सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

मी धुळे जिल्ह्यातली. आजी अहिराणीशिवाय काही बोलत नसे. चुलीपुढे बसून "काय करी ऱ्हायनी माय?" असं ती विचारायची, तो आवाज अजून कानात आहे. पाचवीत तालुक्याच्या शाळेत आले. पहिल्याच दिवशी बाईंनी वही कुठे आहे विचारलं, मी म्हटलं, "घर शे." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "शे काय? आहे म्हण. नीट मराठीत बोल." कुणी मारलं नाही, उन्हात उभं केलं नाही. पण त्या दिवसापासून मी बाहेर 'शे' म्हटलं नाही, आणि दोनेक वर्षांत घरातही म्हणेनाशी झाले. आजी अहिराणीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायची. ती गेली तेव्हा मी तिच्याशी तिच्या भाषेत शेवटचं कधी बोलले होते, ते मला आठवेना.

मिहे आणि अहिराणी यांची बरोबरी मी करत नाही. अहिराणी मराठीच्या घरातलीच, मिहे आणि स्पॅनिशचं तर गोत्रच वेगळं. माझ्यावर जे गुदरलं ते फार थोडं. पण भाषा अशीच जाते. कुणी दार तोडून ती नेत नाही, एक मूल एका शब्दाची लाज बाळगायला शिकतं आणि तिची पाठवणी होते. हे मला यास्नाया वाचण्याआधी कळलं नव्हतं. मी ते माझं व्यक्तिगत दुःख समजत होते. तिने दाखवलं, की ती लाज कुणीतरी पद्धतशीर पेरलेली असते.

तर आता तुमचं वाचन. सुरुवात त्या 'अत्स, अतोम'च्या निबंधापासून करा. तिची स्पॅनिश स्वच्छ आहे, वाक्यं लांब असली तरी गुंतत नाहीत, दुसरी पातळी झालेल्या माणसाला शब्दकोश घेऊन आठवड्यात होईल. वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. जिथे जिथे 'नोसोत्रोस' येईल, किंवा क्रियापदाच्या शेवटी लपलेलं 'मोस' येईल, तिथे थांबा आणि समासात मराठीत लिहा: आम्ही, की आपण? इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला हे ठरवावंच लागत नाही, त्याचं 'वी' सगळं झाकून नेतं. तुम्हाला प्रत्येक वेळी ठरवावं लागेल. तिने हा विचार ज्या भाषेत केला असेल तिथे तो फरक होता, स्पॅनिशमध्ये लिहिताना तो पुसला गेला, आणि तुमच्या मराठीत तो परत उमटू शकतो.

काही ठिकाणी सहज ठरेल. काही ठिकाणी दोन दिवस ठरणार नाही. मेक्सिकोचं सरकार जेव्हा 'आपले मूलनिवासी' म्हणतं, तिथल्या 'आपले'पाशी माझी स्वतःची पेन्सिल अजून अडलेली आहे, कारण 'आपले आदिवासी बांधव' असं आपणही भाषणात म्हणतो आणि ऐकायला ते समोर बसलेले नसतात.

समास भरले की वही घेऊन या. गुरुवारी सहानंतर मी वर्गातच असते.